ओर्फाआत्या सिनेमा वाचायची

अ‍ॅक्रन, ओहायो. टायरांचं गाव.
हवेला जळक्या रबराचा वास
आणि दुसऱ्या पाळीहून सुटलेल्या ओर्फाआत्याच्या
नखांत काजळी.
यंत्रांचा गोंगाट असा, की कानवाले महिन्याभरात पळ काढत.
बहिऱ्यांना तिथे काम मिळे.
ती म्हणायची, म्हणजे हातांनी म्हणायची,
"गावात बहिऱ्या आम्ही. कारखान्यात तुम्ही."

शनिवारी पंधरा सेंट.
तिसऱ्या रांगेत मैत्रिणी, सगळ्या तिच्यासारख्या.
ऑर्गनचा खर्ज खुर्चीच्या लाकडातून
कोपरापर्यंत यायचा.
एवढं संगीत पुरे.

एक चित्रपट तिने अकरा वेळा पाहिला होता.
मोठ्या कानांचा, तोकड्या विजारीचा एक पोऱ्या
तीन मजली केक घेऊन निघतो
लग्नघरी.
लग्न तिचंच, जिच्यावर याचा जीव.
मग वारा. मग ट्राम. शिडी, शिडीवरचा रंगारी,
कुत्रा, कुत्र्याचा मालक, मालकाची सासू.
केक कलतो, तोल जातो, सावरतो,
पुन्हा कलतो,
आणि सारं थिएटर एका अंगाला कलतं त्याच्याबरोबर.

मी सात वर्षांचा होतो तेव्हा टीव्हीवर लागला.
तिने आवाजाचं बटण मुद्दाम बंद केलं,
जणू म्हणाली, आता आपण दोघं सारखे.
जिन्यावरून तो गडगडत खाली आला.
पाटीवर अक्षरं उमटली: "काही लागलं नाही, साहेब!"
आत्याने माझ्या गुडघ्यावर चापट मारली,
बोटांनी सांगितलं:
खोटं. ओठ बघ.
तो म्हणतोय, "आई गं, तोच गुडघा."

तेव्हा कळलं, ती दोन सिनेमे पाहायची.
एक सगळ्यांचा.
आणि एक त्याखालचा,
ज्यात नट एकमेकांना शिव्या घालतात,
सासू झालेली बाई जेवणाची वेळ विचारते,
आणि नवरी रडता रडता म्हणते, "बूट चावतोय."

शेवट तुम्हालाही ठाऊक असेल, नसेल तर ऐका.
तो पोचतो. केक अभंग.
दिवाणखाना रिकामा, लग्न दुसऱ्याच गावी लागलेलं.
तो टोपी काढतो. पायरीवर बसतो.
एक तुकडा मोडतो आणि खातो
सावकाश, कॅमेऱ्याकडे बघत.
लोक इथे डोळे पुसतात.
पाटी नाही. नुसते हलणारे ओठ.

"काय म्हणाला?" मी विचारलं.
आत्या इतकी हसली, की तिला बोटं जुळवता येईनात.
"म्हणाला: अरे, हा तर चुन्याचा."

नाटकी केक. कंपनीने त्याला
शब्दशः चुना लावला होता,
आणि तो तोंडातला घास न थुंकता
चघळत राहिला, कारण रीळ चालू होतं.

मग बोलपट आले. नट पाठमोरे बोलू लागले,
अंधारात, फोनवर, दाराआडून.
लोक म्हणाले, पडद्याला वाचा फुटली.
तिसरी रांग रिकामी झाली.
याबद्दल आत्याने कधी तक्रार केली नाही,
फक्त शनिवारी भरतकाम करू लागली. वाईट करायची.

आता मी सत्तरीचा.
वाचनालयाच्या तळघरात दर नाताळाआधी तोच चित्रपट लावतो.
प्रोजेक्टर माझा, खुर्च्या चर्चच्या,
पियानोवर मिस्टर डुबोइस, अर्ध्या सुरांत झोपणारे.
पोरं येतात फोन हातात घेऊन.
शिडीपाशी फोन खिशात जातात.
हे दर वर्षी होतं. का, ते मला विचारू नका.
वारा तोच, केक तोच,
आणि पडण्याच्या बेतात असलेल्या माणसाला
अजून कुठल्याच भाषेत अनुवाद लागत नाही.

परवा शेवटच्या दृश्यात
सगळे गप्प. कुणीतरी नाक ओढलं.
आणि तिसऱ्या रांगेतून एक पोरगी,
आठ-नऊ वर्षांची, कानामागे निळं यंत्र,
खदखदून हसली. एकटीच.
आईने तिला दटावलं.

मी रीळ थांबवलं नाही.
अंधारात दोन्ही हात वर करून हलवले,
आत्या टाळ्या वाजवायची, तसे.